विश्लेषण : वटवाघूळ उचलणाऱ्या हातांना धोका किती?

तासगाव पट्ट्यातल्या द्राक्षबागेच्या जाळीत वटवाघूळ अडकले की ते सोडवायला गावातल्या प्राणिमित्राला फोन जातो. त्याच्या हाताशी असतो बहुधा एखादा जुना टॉवेल. धोक्याची चर्चा या टॉवेलपासून सुरू व्हायला हवी. होते मात्र निपाहपासून.

महाबळेश्वरच्या गुहेत काय सापडले?

पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने मार्च 2020 मध्ये सातारा जिल्ह्यातील महाबळेश्वरच्या एका गुहेतून 80 वटवाघळे पकडली. त्यांत 65 फळे खाणारी ‘रुसेटस’ जातीची, तर 15 कीटकभक्षी ‘पिपिस्ट्रेल’ होती. 33 रुसेटस आणि एका पिपिस्ट्रेलमध्ये निपाहविरोधी प्रतिपिंडे आढळली, दोन्ही जातींत विषाणूच्या आरएनएचा अंशही मिळाला. 2021 मध्ये हे निष्कर्ष प्रसिद्ध होताच साताऱ्यापासून सांगलीपर्यंत समाजमाध्यमांवर घबराट पसरली. वास्तविक प्रतिपिंडे म्हणजे त्या प्राण्याचा विषाणूशी कधीतरी संबंध आला होता, एवढेच. त्या वेळी राज्यात निपाहचा एकही मानवी रुग्ण नोंदलेला नव्हता.

मग हाताळणाऱ्यांचे काय?

याचे उत्तर ऑस्ट्रेलियात मिळते. निपाहच्या जवळचा हेंड्रा विषाणू तिथल्या वटवाघळांत आहे. क्वीन्सलँडमध्ये जखमी वटवाघळे सांभाळणाऱ्या 128 जणांची 1996 च्या सुमारास तपासणी झाली, तेव्हा एकातही हेंड्राची प्रतिपिंडे नव्हती. दिलासा देणारी गोष्ट. पण त्याच वर्षी त्याच राज्यात प्राण्यांची शुश्रूषा करणारी एक महिला दगावली, ती वटवाघळांतील लिसाव्हायरसने. हा रेबीजचाच भाऊबंद, चाव्यातून किंवा ओरखड्यातून शिरणारा. रेबीजची लस त्याच्याविरुद्धही उपयोगी पडते. म्हणून तिथे लस घेतलेल्या, प्रशिक्षित व्यक्तींनीच वटवाघूळ हाताळावे, असा दंडक आहे.

निपाहचा मार्ग वेगळा. मलेशियात 1998-99 मध्ये तो डुकरांमार्फत माणसांत आला, बांगलादेशात वटवाघळांनी दूषित केलेल्या खजुराच्या कच्च्या रसातून. त्यानंतर त्याने गाठले ते रुग्णाची सेवा करणाऱ्यांना. 2018 मध्ये कोळिकोड जिल्ह्यात परिचारिका लिनी पुथुसेरी यांचा त्यात मृत्यू झाला.

सातारा-सांगलीत करायचे काय?

वडा-पिंपळावरची वसाहत फटाके लावून हुसकावणे हा सर्वांत वाईट उपाय. बिथरलेली वटवाघळे खाली पडतात, मग मुले ती उचलायला धावतात. त्यापेक्षा वन विभागाने प्राणिमित्रांना जाड चामडी हातमोजे आणि रेबीजची प्रतिबंधक लस स्वखर्चाने द्यावी. कुत्र्यांसाठी गावोगावच्या आरोग्य केंद्रांत येणारी लस हीच असल्याने त्यासाठी वेगळी यंत्रणा लागत नाही. चावा किंवा ओरखडा आलाच, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने 15 मिनिटे धुऊन त्याच दिवशी आरोग्य केंद्र गाठावे. ‘वटवाघूळ होते, कुत्रा नव्हे’ म्हणून तिथून कुणाला परत पाठवू नये, एवढी सूचना दोन्ही जिल्हा परिषदांना आजही काढता येईल.