विरळणीचे शहाणपण

पेरणी सगळ्यांना आवडते. विरळणी कुणालाच आवडत नाही. आमच्या केज तालुक्यात रब्बीची ज्वारी उगवून दहा-बारा दिवसांची झाली, की तासात दाटलेली रोपे उपटावी लागतात. दोन ओळींत 45 आणि दोन रोपांत 15 सेंटिमीटर अंतर ठेवले, तर हेक्टरी सुमारे 1 लाख 48 हजार ताटे राहतात. आपण पेरलेले आपणच उपटताना जीव तुटतो. पण गत्यंतर नसते.

कारण कोरडवाहू ज्वारी वाढते ती काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर. शिल्लक ठरलेली, खाणारी तोंडे वाढलेली. दाट पेरा ही ओल लवकर संपवतो आणि ऐन दाणा भरायच्या वेळी जमीन कोरडी पडते. कडबा होतो, कणीस पोचट राहते. जनावरांसाठी कडवळ हवे तर दाट पेरावे, भाकरी हवी तर विरळ, हा हिशेब शेतावर राबणाऱ्या बायांना केव्हाचा ठाऊक आहे.

जपानी शास्त्रज्ञांनी तो मोजून मांडला. एका मर्यादेपुढे रोपे कितीही वाढवली तरी एकूण वाढ तेवढीच राहते, वाटे तेवढे लहान होतात, हे किरा आणि सहकाऱ्यांनी 1953 साली दाखवले. दाटीत काही रोपे मोठी होत जातात तशी दुबळी मरत जातात आणि तेही ठरावीक प्रमाणात, हे योदा आणि सहकाऱ्यांनी 1963 साली सांगितले. म्हणजे आपण विरळणी केली नाही, तर निसर्ग करतो. फक्त उशिरा, शेजाऱ्याच्या वाट्याचे पाणी पिऊन झाल्यावर.

झाडांच्या बाबतीत मात्र आपण हे विसरतो. राज्याच्या वृक्षलागवडीचे उद्दिष्ट 2016 साली 2 कोटी होते. 2017 ला 4, 2018 ला 13 आणि 2019 ला 33 कोटी झाले. आता घनवनात एका चौरस मीटरला तीन-चार रोपे लावतात. त्यात गैर काही नाही. पण त्यातली कितीतरी मरणारच आहेत, हे धरूनच ती पद्धत चालते. मग लावलेल्या रोपांचा आकडा मिरवण्यात काय अर्थ? बँकेत आयुष्य गेले म्हणून सांगतो, शाखेची तब्येत कर्जवाटपावरून कळत नाही, वसुलीवरून कळते.

यंदा शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या आवारात खड्डे घेण्यापूर्वी, उन्हाळ्यात किती रोपांना पाणी घालता येईल हे आधी मोजावे आणि तेवढेच खड्डे घ्यावेत. फलकावर लावलेल्या झाडांशेजारी तिसऱ्या वर्षी जगलेल्या झाडांचा आकडाही लिहावा. तो लहान असला तरी चालेल.