दुसऱ्याच्या वतीने सही

गेल्या रमजानमधली गोष्ट. सहरीला बसलो असता अब्बांच्या हातून पाण्याचा पेला सुटला. काही सांगू पाहत होते, पण शब्द जड येत होते. रात्रीची झोप झाली नाही, अशक्तपणा असेल, असे आम्ही धरून चाललो. त्यांना पलंगावर आडवे केले, पंखा लावला आणि दार ओढून घेतले. जोहरच्या नमाजला उठवायला गेलो, तर तोंड एका बाजूला वाकलेले आणि उजवा हात लुळा पडलेला.

रुग्णालयात डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न होता, ‘‘यांना शेवटचे ठणठणीत कधी पाहिले?’’ आम्ही भावंडे एकमेकांकडे पाहत राहिलो. उत्तर होते, सहरीला. म्हणजे आठ तास उलटून गेले होते. गुठळी विरघळवणाऱ्या इंजेक्शनची वेळ आम्ही दार ओढून घालवली होती. हा दोष दुसऱ्या कुणाचा नाही, आमचाच.

संध्याकाळी एक तरुण डॉक्टर कागद घेऊन आले. पक्षाघाताच्या रुग्णांसाठी एका औषधाचा अभ्यास चालू होता. अब्बांना बोलता येत नव्हते, समजतही किती होते कोण जाणे. त्यांच्या वतीने घरच्यांनी सही द्यायची होती. अर्ध्या रुग्णांना औषध मिळणार, अर्ध्यांना नाही, आणि कुणाला काय मिळेल ते चिठ्ठीवर ठरणार. भाईजान लगेच म्हणाले, ‘‘आमच्या अब्बांवर प्रयोग नकोत.’’ बाजी म्हणाल्या, ‘‘पण औषधाचा गुण आला तर?’’ अम्मी इतका वेळ गप्प होत्या. त्यांनी विचारले, ‘‘डॉक्टरसाहेब, औषध चांगले आहे हे माहीत असेल तर चिठ्ठी कशाला टाकता?’’

डॉक्टर म्हणाले, ‘‘मावशी, माहीत नाही, म्हणूनच टाकतो.’’

आम्ही सही दिली नाही. कुणी रागावले नाही आणि उपचारही कमी झाले नाहीत. पण डॉक्टरांचे ते उत्तर घरी आल्यावरही डोक्यातून जाईना. पुढच्या महिन्यांत आम्ही या विषयावर जे वाचले आणि विचारून घेतले, ते वाचक भगिनी-बांधवांपुढे ठेवतो. अशी सही उद्या कुणाच्याही घरात मागितली जाऊ शकते.

आधी इंजेक्शनचेच पाहू. मेंदूच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकली की पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो आणि मिनिटागणिक मेंदूच्या लाखो पेशी मरत जातात. गुठळी विरघळवणारे औषध दिले तर रक्त पुन्हा वाहू लागेल, हे तर्काला पटते. पण त्याच औषधाने मेंदूत रक्तस्रावही होऊ शकतो. मग फायदा मोठा की धोका? याचे उत्तर तर्काने मिळण्यासारखे नव्हते. अमेरिकेत ६२४ रुग्णांवर अभ्यास झाला आणि १९९५ मध्ये तो प्रसिद्ध झाला. लक्षणे सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत कुणाला औषध दिले गेले, तर कुणाला तसेच दिसणारे पण औषध नसलेले द्रावण. औषध मिळालेल्यांत मेंदूतल्या गंभीर रक्तस्रावाचे प्रमाण ६.४ टक्के निघाले, इतरांत ०.६ टक्के. म्हणजे धोका खरा होता. तरीही तीन महिन्यांनी जवळजवळ पूर्ववत झालेले लोक औषध मिळालेल्यांतच जास्त होते. २००८ मध्ये युरोपातल्या ८२१ रुग्णांच्या अभ्यासाने ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढवली. आज डॉक्टर घड्याळाकडे पाहून जे बोलतात, ते या रुग्णांच्या जोरावर.

मोठ्या रक्तवाहिनीतली गुठळी तारेने ओढून काढण्याचा उपायही असाच सिद्ध झाला. नेदरलँड्समध्ये ५०० रुग्णांवर अभ्यास झाला, त्याचा निष्कर्ष २०१५ च्या सुरुवातीला छापून आला. तारेचा उपाय झालेल्यांपैकी ३२.६ टक्के लोक तीन महिन्यांनी स्वतःचे स्वतः करू लागले होते. नुसते नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण १९.१ टक्के होते.

या झाल्या यशाच्या गोष्टी. आमचे मत बदलले ते दुसऱ्या एका गोष्टीने.

अपघातात डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते. सूज उतरवायला स्टेरॉइड द्यावे, हेही तर्काला पटणारे. तीसेक वर्षे जगभर अनेक ठिकाणी ते दिले जात होते. देणारे डॉक्टर चांगल्या मनाचेच होते आणि घरचे लोक त्यांचे आभारच मानत होते. काही छोटे अभ्यास झाले, पण त्यांचा मेळ बसेना. शेवटी लंडनमधल्या संशोधकांच्या पुढाकाराने ‘क्रॅश’ नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला. २०,००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. ४९ देशांतल्या २३९ रुग्णालयांतून १०,००८ रुग्ण झाले आणि २००४ मध्ये तो मध्येच थांबवावा लागला. दोन आठवड्यांत स्टेरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दगावले होते, न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. म्हणजे शंभरामागे तीन माणसे अधिक. ज्याला आपण इलाज समजत होतो, तोच जीव घेत होता.

एखाद्या डॉक्टरला आपल्या अनुभवावरून हे कधी कळले असते का? शंभरातले अठरा जाणार की एकवीस, हा फरक एका माणसाच्या नजरेत भरत नाही. त्यासाठी हजारो रुग्ण लागतात, आणि वाटणीही निष्पक्ष लागते. हजचा कुर्रा निघतो तेव्हा श्रीमंत-गरीब, ओळखीचा-अनोळखी असे पाहिले जात नाही. इथली चिठ्ठीही तशीच. डॉक्टरांनी आपल्या मर्जीने रुग्ण निवडले, तर बरे होण्यासारखेच रुग्ण औषधाच्या बाजूला जातील आणि औषधाला फुकटचे श्रेय मिळेल.

क्रॅशमध्ये घेतलेल्यांपैकी एकही माणूस पूर्ण शुद्धीत नव्हता. अभ्यासाची अटच तशी होती. त्यांचे जे काही झाले, त्याचा फायदा नंतरच्या अनोळखी लोकांना झाला. आज मोटरसायकलवरून पडलेल्या आपल्या मुलाच्या डोक्याला मार लागला आणि त्याला स्टेरॉइड दिले जात नाही, तर त्यामागे ती दहा हजार माणसे आहेत.

त्याच संशोधकांनी पुढे ट्रॅनेक्झामिक अॅसिडची परीक्षा घेतली. घरातल्या बायकांना हे नाव ठाऊक असेल. पाळीत अंगावर फार जात असेल तर डॉक्टर याच गोळ्या देतात. जपानच्या उताको ओकामोटो या महिला संशोधकाने आपल्या पतीसोबत हे औषध शोधले, १९६० च्या दशकात. २९ देशांतल्या १२,७३७ जखमींवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. मध्यम किंवा हलका मार असलेल्यांना तीन तासांच्या आत हे औषध दिले तर मृत्यू कमी होतात, फार गंभीर जखमींत मात्र तसा फायदा दिसला नाही, असे त्यात आढळले. ‘कुणाला उपयोग आणि कुणाला नाही’ हे कळणे हीही मोठी कमाई आहे.

मग प्रत्येक कागदावर सही करावी का? नाही. नकार द्यायचा आपल्याला पूर्ण हक्क आहे, आणि नकारामुळे नेहमीचे उपचार थांबवता येत नाहीत. आपल्या देशात २०१९ चे औषध-चाचण्यांचे नियम आहेत. सही करण्यापूर्वी एवढे विचारावे:

या अभ्यासाला आचारसमितीची मंजुरी आहे का? क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियातला नोंदणी क्रमांक काय? औषधाच्या चाचण्यांची तिथे नोंद करणे २००९ पासून सक्तीचे आहे, आणि ती नोंद कुणीही मोफत पाहू शकतो. अभ्यासात नसतो तर यांना कोणता उपचार मिळाला असता, आणि तो आताही मिळेल ना? काय त्रास होऊ शकतो? चाचणीमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार? मधूनच बाहेर पडता येईल ना? रुग्ण भानावर आल्यावर त्यांना स्वतःला पुन्हा विचारणार ना? कागद आपल्याला समजेल अशा भाषेत मागावा आणि सही केलेल्या कागदाची प्रत घरी आणावी. उत्तरे देताना कुणी टाळाटाळ केली किंवा सहीची घाई केली, तर सही करू नये.

आणि घरातल्या मोठ्यांची मर्जी आधीच विचारून ठेवावी. आम्ही त्या संध्याकाळी भांडलो, कारण अब्बांना काय आवडले असते हे एकालाही ठाऊक नव्हते. दस्तरखानावर लग्नाच्या, जमिनीच्या गोष्टी निघतात, तशी एकदा हीही गोष्ट काढावी.

एक मात्र कुणाला न विचारता करावे. तोंड वाकडे झाले, हात उचलेना, बोलणे अडखळले, तर घड्याळ पाहून वेळ लिहून ठेवावी आणि १०८ ला फोन करून सीटी स्कॅन असलेले रुग्णालय गाठावे. घरची अॅस्पिरिन देऊ नये. गुठळी आहे की रक्तस्राव, हे स्कॅनशिवाय कळत नाही. रोजा आहे म्हणून अशक्तपणा आला असेल, थोडे झोपू द्या, असे म्हणू नये. आम्ही तेच म्हटले होते.

अब्बा आता हळूहळू बोलतात. उजव्या हातात घास धरवत नाही, डाव्या हाताने जेवावे लागते, याचे त्यांना फार वाईट वाटते. परवा आम्ही त्यांना त्या कागदाबद्दल सांगितले आणि विचारले, सही दिली असती तर चालले असते का? बराच वेळ शब्द जुळवून ते म्हणाले, ‘‘मला विचारून ठेवायचे होते.’’