सेवा पुष्कळ झाली, आता संशोधन हवे!

दरवर्षी 12 मे आला की दवाखान्यांत मेणबत्त्या पेटतात, नर्सच्या हातात गुलाब दिला जातो आणि तिला 'करुणेची मूर्ती' म्हटले जाते. 13 मे रोजी तीच सिस्टर पुन्हा डबल ड्युटीवर असते. आम्हाला हा सोहळा खटकतो. ज्या फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या जन्मदिनी तो होतो, तिचा दिवा सगळ्यांना दाखवतात, पण तिचे आकडे कोणी दाखवत नाही. क्रिमियाच्या युद्धात जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त सैनिक मेले, हे तिने तक्ते आणि आकृत्या काढून ब्रिटिश सरकारच्या तोंडावर मांडले. 1858 मध्ये ती लंडनच्या सांख्यिकी सोसायटीची पहिली महिला सदस्य झाली. आधुनिक नर्सिंग उभे राहिले ते संशोधनाच्या पायावर. आपल्याकडे मात्र पाया गाडून टाकला आणि वर देव्हारा बांधला.

असे का झाले? 'सेवा' हा शब्द या देशात निरागस नाही. शूद्राचे काम सेवा, ज्ञान वरच्यांचे, हीच तर मनुस्मृतीची व्यवस्था. ती बाबासाहेबांनी 25 डिसेंबर 1927 रोजी महाडला जाळली. पण दवाखान्यात ती अजून जिवंत आहे. परक्याचे रक्त, पू, मलमूत्र हाताळणे विटाळाचे, म्हणून सवर्ण घरांनी पूर्वी आपल्या मुलींना या पेशापासून दूर ठेवले. जे काम विटाळाचे ठरले, त्यातले ज्ञानही कमी दर्जाचे ठरले. डॉक्टर विचार करणार, नर्स हुकूम पाळणार, ही उतरंड आम्हाला चांगलीच ओळखीची आहे.

काही जण म्हणतील, आधी रिकाम्या जागा भरा, पगार द्या, संशोधनाचे लाड नंतर. जागा भरल्याच पाहिजेत, त्यात वाद नाही. पण एका नर्समागे किती रुग्ण असले की किती जण दगावतात, हे मोजून कोण दाखवणार? आकडा हातात नसेल तर मागणीला शासन 'तक्रार' म्हणते. आकडा असला की तिचे उत्तर द्यावे लागते. बाबासाहेब 1925 मध्ये हिल्टन यंग आयोगापुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा 'प्रॉब्लेम ऑफ द रुपी' हा त्यांचा ग्रंथ प्रसिद्ध होऊन दोन वर्षे झाली होती. ते आयोगापुढे दया मागायला नव्हे, अभ्यास घेऊन गेले होते.

विदर्भातलाच प्रश्न घ्या. सिकलसेल आपल्या वस्त्यांत आणि आदिवासी पाड्यांत घराघरांत आहे. 2023 मध्ये केंद्राने त्याच्या निर्मूलनाचे अभियान सुरू केले, मुदत ठेवली 2047. तपासण्या होतील, कार्डे वाटली जातील. पण वेदनेचा झटका आलेला पोरगा रात्री दोन वाजता वॉर्डात तळमळतो, तेव्हा त्याची वेदना कोण मोजतो? त्याला 'नाटक करतो' म्हणून किती वेळ ताटकळत ठेवले जाते? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मध्येच का सुटतात? हे प्रश्न चोवीस तास रुग्णाजवळ असणारीलाच सुचतात. तिलाच ते विचारायची सोय नसेल, तर ते कोणत्याही प्रबंधात येणार नाहीत.

आणि सोय कशी बंद केली आहे ते पाहा. अनुसूचित जातींसाठीची राष्ट्रीय फेलोशिप आता नेट-जेआरएफच्या निकालावर मिळते. यूजीसी नेटच्या विषयांच्या यादीत मात्र नर्सिंग नाही! म्हणजे एम.एस्सी. नर्सिंग झालेल्या आमच्या बहिणीने आपला विषय सोडून दुसऱ्या विषयाची परीक्षा द्यायची, नाहीतर नोकरी सांभाळून पदरमोड करून पीएच.डी. करायची. दरवाजाला कुलूप लावायचे आणि वर म्हणायचे, 'तुमच्यातून कोणी येतच नाही.'

दोष फक्त व्यवस्थेचाच नाही, थोडा आपलाही आहे. घरातली पोरगी नर्सिंगला गेली की आपण पगाराचा हिशेब करतो, पीएच.डी.चा विषय काढत नाही. बार्टीच्या फेलोशिपसाठी आझाद मैदानावर आपली पोरे बसली, त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण त्या लढ्यात नर्सिंगची मागणी कुठे होती?

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. नर्सिंग हा नेटचा विषय करा. तोवर बार्टीने नर्सिंगच्या संशोधकांसाठी वेगळ्या जागा ठेवाव्यात. शासकीय रुग्णालयांत संशोधनासाठी पगारी वेळ आणि पदे द्या. आणि कार्यकर्त्यांनो, एक काम आपले स्वतःचे: आपल्या विहारांत एमपीएससीचे वर्ग चालतात, तसे संख्याशास्त्र आणि संशोधन पद्धतीचे वर्गही मराठीतून सुरू करा.

1897 च्या प्लेगमध्ये सावित्रीमाई आजाऱ्यांची शुश्रूषा करता करता गेल्या. त्यांनी हातात लेखणीही धरली होती आणि रुग्णही. त्यांच्या लेकींना रुग्ण तेवढा देऊन लेखणी काढून घेणाऱ्यांना आम्ही विचारणार: ही वाटणी कोणी केली?

जय भीम! जय सावित्री!