‘फुल ऑटो झाली, पार्टी दे!’ म्हणणाऱ्यांसाठी

मंडळी, पोस्ट लांब आहे आणि थोडी चिडून लिहिलेली आहे. डॅलस आणि आसपासच्या आपल्या मराठी लोकांपैकी ज्यांच्या घरी एआर-१५ आहे, त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गेल्या महिन्यात आपल्यातलाच एक मित्र आणि मी इनडोअर रेंजवर गेलो होतो. त्याला विचारूनच लिहितोय, नाव लिहिणार नाही. त्याने आदल्या रात्री रायफलचा ट्रिगर बदलला होता. मूळचा जड वाटत होता म्हणून ऑनलाइन मागवलेला हलका बसवला, डायनिंग टेबलवर, व्हिडिओ बघून. पहिल्या चार-पाच गोळ्या व्यवस्थित गेल्या. मग त्याने एकदा बोट दाबलं आणि दोन गोळ्या सुटल्या. पहिली टार्गेटवर. दुसरी कुठे गेली ते आम्ही वर बघितल्यावर कळलं, छतालगतच्या लोखंडी पत्र्यावर ताजा ओरखडा होता. रेंज ऑफिसरने येऊन रायफल रिकामी करायला लावली, बॅगेत भरायला लावली आणि आम्हाला बाहेर काढलं. बरोबरच केलं.

इथपर्यंत ठीक आहे. चूक होते माणसाकडून. माझं डोकं फिरलं ते त्या रात्री. त्याने बिचाऱ्याने प्रामाणिकपणे आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलं की असं असं झालं. त्यावर पहिलं उत्तर काय? ‘अरे वा, फुल ऑटो झाली, पार्टी दे!’ त्याखाली आठ-दहा हसणारे चेहरे. एकानेही विचारलं नाही की बाबा, काय बिघडलं? आता ती रायफल कुठे आहे? घरी पोरं आहेत ना?

काय बिघडलं होतं ते आधी सांगतो, कारण ते कळल्याशिवाय पुढचं भांडण कळणार नाही.

सेमी-ऑटोमॅटिक रायफलमध्ये एक दाब, एक गोळी, एवढाच करार असतो. आतला हॅमर, म्हणजे आपला घोडा, स्प्रिंगने ताणलेला असतो आणि ट्रिगरचं टोक त्याच्या खाचेत अडकलेलं असतं. बोट दाबलं की टोक खाचेतून निसटतं, घोडा पडतो, गोळी सुटते. लगेच गॅसच्या जोराने बोल्ट मागे येतो आणि घोड्याला पुन्हा मागे ढकलतो. या क्षणी तुमचं बोट अजून दाबलेलंच असतं. तेव्हा घोड्याला धरून ठेवायला एक दुसरा आकडा असतो, त्याला डिस्कनेक्टर म्हणतात. तुम्ही बोट सैल केलं की हा आकडा घोड्याला सोडतो आणि घोडा परत ट्रिगरच्या टोकावर येऊन बसतो. ‘टक्’ असा आवाज येतो. त्या ‘टक्’वर सगळा करार उभा आहे.

ट्रिगर हलका करायचा म्हणजे स्प्रिंगा नरम करायच्या, किंवा खाच आणि टोक यांची पकड कमी करायची. कंपनी हे मापात करते. मूळ लष्करी मापाच्या ट्रिगरला साधारण साडेपाच ते साडेनऊ पौंड जोर लागतो, बाजारातले चांगले हलके ट्रिगर साडेतीन पौंडांच्या आसपास असतात आणि नीट बसवले तर वर्षानुवर्षं चालतात. मी स्वतः वापरतो. पण आमच्या मित्राच्या ट्रिगरला पकड कमी-जास्त करायचा एक बारीक स्क्रू होता. त्याला वाटलं अजून थोडा हलका करू. पकड इतकी पातळ झाली की घोडा टोकावर टेकायचा, पण रायफलच्या धक्क्याने निसटायचा. डायनिंग टेबलवर हे दिसलं नाही, कारण टेबलवर धक्का नसतो.

आता ग्रुपवरचं लाडकं वाक्य घेऊ. ‘दोन पिना तर काढायच्या असतात, पंधरा मिनिटांचं काम आहे.’ हो, आहे. मीही पंधरा मिनिटांत बसवतो. पण त्यानंतरची तपासणी पाच मिनिटांची असते, आणि ती करणारा माणूस मला आजवर दहात एक भेटला नाही. व्हिडिओसुद्धा ट्रिगर बसला, एकदा टिक् वाजला, थम्सअप, इथेच संपतात.

तपासणी काय असते? पहिल्यांदा मॅगझीन बाहेर, चेंबर डोळ्याने बघायचं आणि बोट घालूनही बघायचं. गोळ्या त्या खोलीतच नकोत. टेबलाच्या दुसऱ्या टोकाला नव्हे, दुसऱ्या खोलीत. वरचा आणि खालचा भाग जोडूनच तपासायचं, कारण खालचा भाग सुटा असताना घोडा आपटू दिला तर ॲल्युमिनियमला तडा जाऊ शकतो. मग घोडा चढवून सेफ्टी लावा आणि ट्रिगर जोरात दाबा. घोडा पडता कामा नये. बोट काढा. आता सेफ्टी काढा, ट्रिगरला हात न लावता. घोडा इथेही पडता कामा नये. ही पायरी लोक हमखास गाळतात, तिच्याबद्दल पुढे सांगतो. मग दाबा, घोडा पडला पाहिजे. बोट दाबलेलंच ठेवून चार्जिंग हँडल पूर्ण मागे ओढून सोडा, घोडा वरच राहिला पाहिजे. बोट हळूहळू सोडा, ‘टक्’ ऐकू आला पाहिजे, आणि घोडा तरीही वरच. परत दाबा, आता पडला पाहिजे. हे सगळं एकदा नाही, दहा-वीस वेळा. यात एकदा जरी वेगळं घडलं तर ती रायफल रेंजवर जात नाही, गनस्मिथकडे जाते. आणि रेंजवर पहिल्यांदा मॅगझीनमध्ये एकच गोळी. मग दोन. मग तीन. आमच्या मित्राने पहिल्याच वेळी तीस भरल्या होत्या. दोनवर सगळं थांबलं हे त्याचं, आणि शेजारच्या लेनमधल्या माणसाचं, नशीब.

‘सेफ्टी लावलेली असते की’ म्हणणाऱ्यांना एकच सांगतो. एआर-१५ ची सेफ्टी ट्रिगरला अडवते, घोड्याला नाही. पकडच पातळ असेल आणि रायफल हातातून पडली, तर सेफ्टी लावलेली असूनही घोडा निसटू शकतो.

आता ती गाळलेली पायरी. रेमिंग्टन ७०० ही अमेरिकेतली अत्यंत लोकप्रिय शिकारी रायफल, १९६२ पासूनची. ती बोल्ट-ॲक्शन आहे, सेमी-ऑटो नाही, पण मुद्दा ट्रिगरचाच आहे. २००० साली मोंटानात एक कुटुंब शिकारीहून परतलं होतं. आईने रायफल रिकामी करण्यासाठी सेफ्टी काढली. तिचं म्हणणं, ट्रिगरला बोट लावलं नव्हतं. गोळी सुटली, घोड्यांच्या ट्रेलरच्या आरपार गेली आणि पलीकडे उभ्या असलेल्या तिच्या नऊ वर्षांच्या मुलाला लागली. मुलगा गेला. वडील पुढे कित्येक वर्षं कंपनीशी लढले. त्या लढ्यातून आणि इतर खटल्यांतून कंपनीचेच जुने कागद बाहेर आले. ट्रिगर बनवणाऱ्या इंजिनियरने १९४६ सालीच धोक्याची शक्यता लिहून ठेवली होती. कंपनीने दोष कधी मान्य केला नाही. शेवटी सामूहिक दाव्यात तडजोड झाली आणि सुमारे ७५ लाख बंदुकांसाठी फुकट ट्रिगर बदलून द्यायचं ठरलं.

मग सरकार काय करत होतं? काही नाही, कारण करता येत नव्हतं. १९७२ च्या ग्राहक उत्पादन सुरक्षा कायद्यातून बंदुका वगळल्या आहेत. खेळण्यातल्या बंदुकीत दोष सापडला तर फेडरल सरकार ती बाजारातून परत मागवायला लावू शकतं. खऱ्या रायफलीच्या ट्रिगरमध्ये सापडला तर नाही. इथे टेक्सासमध्ये दुसऱ्याचे केस कापायला लायसन्स लागतं. पण ट्रिगर हा कायद्याच्या भाषेत नुसता सुटा भाग आहे, तो कुरिअरने दारात येतो, तुम्ही स्वतःच्या रायफलला बसवा, कुणीही तपासायला येत नाही. (गाड्यांची सेफ्टी तपासणीसुद्धा आपल्या राज्याने २०२५ पासून बंद करून टाकली, तो विषय वेगळा. त्यावरही लिहीन कधीतरी.)

वॉशिंग्टनमध्ये ट्रिगरवर भांडणं नाहीत का? भरपूर आहेत. पण सगळी एकाच प्रश्नावर, की एका दाबात किती गोळ्या. २०१७ मध्ये लास व्हेगासला बंप स्टॉक लावलेल्या रायफलींतून गोळीबार झाला, त्या रात्री ५८ लोक मेले. त्यानंतर बंप स्टॉकवर बंदी आली. जून २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने ६ विरुद्ध ३ मतांनी ती बंदी रद्द केली. बहुमताच्या निकालपत्रात ट्रिगर आणि घोड्याच्या आकृत्या छापल्यात, हौशी लोकांनी जरूर बघाव्यात, या पोस्टपेक्षा छान समजतं. मे २०२५ मध्ये सरकारने ‘फोर्स्ड रीसेट ट्रिगर’ बनवणाऱ्या कंपनीशी तडजोड केली. दोन्ही बाजूंनी वकिलांच्या फौजा, टीव्हीवर आरडाओरडा. पण दुकानातला कुठलाही ट्रिगर घरात बसवल्यावर तो सेफ आहे का, हा प्रश्न एकाही बाजूच्या अजेंड्यावर नाही. एका बाजूला ‘तपासणी’ म्हटलं की जप्तीचा वास येतो. दुसऱ्या बाजूला बंदूक सुरक्षित असू शकते हे मान्य करणंच नको असतं. म्हणजे शेवटी राहिलो आपण आणि आपलं डायनिंग टेबल.

आता पार्टी मागणाऱ्यांकडे वळतो.

एका दाबात एकापेक्षा जास्त गोळ्या सुटल्या की १९३४ च्या कायद्याच्या व्याख्येनुसार ती मशीनगन. मे १९८६ नंतर बनलेली मशीनगन सामान्य माणसाने बाळगणं गुन्हा आहे, दहा वर्षांपर्यंत तुरुंग. ‘अहो, ती बिघडली होती’ हा बचाव नेहमी चालत नाही. विस्कॉन्सिनमधल्या एकाने आपली रायफल दुसऱ्याला वापरायला दिली, रेंजवर तिच्यातून एका दाबात अनेक गोळ्या सुटल्या. तो म्हणाला बिघाड, सरकार म्हणालं मशीनगन. तिच्यात एम-१६ चे काही भागही होते. २००८ मध्ये तो दोषी ठरला, ३० महिने शिक्षा झाली. आपला मित्र त्याच्यासारखा नाही, मान्य. आणि सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये सांगून ठेवलंय की रायफल अशी चालते हे मालकाला माहीत होतं, हे सरकारला सिद्ध करावं लागतं.

वाचलं ना नीट? माहीत होतं हे सिद्ध करावं लागतं. आणि आपण काय केलं? ग्रुपवर लिहून ठेवलं, ‘फुल ऑटो झाली’. तारीख, वेळ, निळ्या टिकांसकट.

त्याच्याकडे ग्रीन कार्ड आहे. सिटिझनशिपचा अर्ज भरायचाय. बंदुकीच्या गुन्ह्यात शिक्षा झाली तर ग्रीन कार्डवाल्याला देशाबाहेर काढता येतं, हे ग्रुपवरच्या किती जणांना ठाऊक आहे? आणि एच-वनवरच्या ज्या दोघा-तिघांनी ‘मलाही एकदा चालवायला दे’ लिहिलंय, त्यांनी जरा थांबा. तुमच्या व्हिसावर बंदूक हातात घेणं हाच गुन्हा ठरू शकतो, वैध हंटिंग लायसन्स असण्यासारखे मोजके अपवाद सोडून. आधी वकिलाला विचारा. मला नको, मी इंजिनियर आहे.

आणि जे म्हणतील की ‘मुळात बंदुका ठेवताच कशाला’, त्यांच्याशी मी भांडणार नाही. तुमच्या घरी नाही, उत्तम. पण ज्यांच्या घरी आहे त्यांच्याकडे तुमची पोरं वाढदिवसाला जातात. तिथे त्या मुद्द्यापेक्षा मला त्या ‘टक्’ची काळजी जास्त आहे.

मित्राच्या रायफलचं काय झालं ते सांगतो. नवा ट्रिगर काढून टाकला, मूळचा जड ट्रिगर परत बसवला, गनस्मिथकडून तपासून घेतला. काढलेल्या ट्रिगरचा स्क्रू कंपनीच्या पत्रकात सांगितलेल्या मापापेक्षा जवळजवळ पूर्ण एक फेरा जास्त फिरलेला निघाला. ते पत्रक खोक्यातच होतं, घडी न मोडलेलं.

येत्या शनिवारी सकाळी दहा वाजता माझ्या गॅरेजमध्ये टेबल मांडतोय. ज्यांनी ट्रिगर बदललाय त्यांनी रायफल केसमध्ये घालून आणा, बरोबर ट्रिगरचं पत्रकही आणा. गोळ्या घरीच ठेवून या, एकसुद्धा नको. चहा-पोहे माझ्याकडे. ‘पार्टी दे’ लिहिणाऱ्यानेही यावं, त्याच्या रायफललाही नवा ट्रिगर आहे हे मला माहीत आहे.