हरणासाठी पेरलेलं, माणसासाठी निंदलेलं

दुसऱ्या महायुद्धापर्यंत अमेरिकेत घरापुढच्या हिरवळीसाठी जे बियाणं विकलं जाई, त्यात पांढऱ्या क्लोव्हरचं बी मुद्दाम मिसळलेलं असे. क्लोव्हर मधमाश्यांना आवडे आणि खताचा खर्चही वाचवी. १९४५ साली २,४-डी हे तणनाशक बाजारात आलं. ते रुंद पानांची झाडं मारी, गवताला धक्का लावत नसे. डँडेलियन या तणाबरोबर क्लोव्हरही जळू लागला. औषधाला क्लोव्हर राखता येईना, तेव्हा क्लोव्हरलाच तणांच्या यादीत ढकलून सगळे मोकळे झाले. चार दशकांनी त्याच देशातले लोक रानाच्या कडेला जमीन नांगरून हरणांसाठी हाच क्लोव्हर पेरू लागले. त्यात गवत शिरलं की ते मारायला दुकानात औषध मागू लागले.

तणाचा इतिहास हा पुष्कळदा हातातल्या हत्याराचा इतिहास असतो. रानातल्या या चारा-पट्ट्यांवर आज जी फवारणी चालते, तिच्याकडे पाहताना हे विसरून चालणार नाही.

क्लोव्हरची पत शेतकऱ्यांना फार पूर्वी कळली होती. सतराव्या शतकात रिचर्ड वेस्टन या इंग्रज जमीनदाराने फ्लँडर्समध्ये क्लोव्हरची शेती पाहिली आणि मायदेशी तिचा प्रचार केला. पुढे नॉरफोकच्या शेतकऱ्यांनी गहू, सलगम, सातू आणि क्लोव्हर अशी चार वर्षांची फेरपालट बसवली. क्लोव्हरनंतरचा गहू जोमदार का येतो, हे मात्र १८८०च्या दशकात हेलरिगेल आणि विलफार्थ या जर्मन संशोधकांनी उलगडलं: मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन जमिनीत बांधतात. नॉरफोकच्या पद्धतीत क्लोव्हरला मुदत होती. वर्ष-दोन वर्षांनी तो मोडायचाच.

हरणाची गोष्ट वेगळ्या वाटेने येऊन इथे मिळते. बेसुमार शिकारीमुळे १९००च्या सुमारास अमेरिकेतली पांढऱ्या शेपटीची हरणं पाच लाखांच्याही आत आली होती, असा अंदाज आहे. १९०० सालीच शिकारीच्या बेकायदा व्यापाराला आळा घालणारा लेसी कायदा झाला. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांकडे वळवला. आज ही हरणं तीन कोटींच्या घरात आहेत. आल्डो लिओपोल्ड यांनी १९३३च्या ‘गेम मॅनेजमेंट’ या ग्रंथात मांडलं होतं की कुऱ्हाड, नांगर, गुरं, आग आणि बंदूक यांनी जे प्राणी घालवले, ते त्याच साधनांनी परतही आणता येतील. शिकाऱ्यांनी त्यातला नांगर फार मनावर घेतला. १९८०च्या दशकाच्या अखेरीस अलाबामात खास हरणांसाठी निवडलेलं क्लोव्हरचं बियाणं विक्रीला आलं आणि चारा-पट्ट्यांचा मोठा धंदा उभा राहिला. हा भूतदयेचा मामला नाही. नोव्हेंबरात हरीण बंदुकीच्या टप्प्यात यावं, हा त्यातला उघड हेतू आहे.

पहिलं वर्ष बरं जातं. चुना टाकून आम्लता कमी केलेली असते, क्लोव्हर दाट बसतो. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी कडेने फेस्क्यू गवत डोकावतं, दक्षिणेत हरळी सरकत येते. ही तीच आपली हरळी, तिला तिकडे बर्म्युडा म्हणतात. मालक बियाण्याला किंवा पावसाला दोष देतो. खरं तर गवताला जेवायला क्लोव्हरनेच बोलावलेलं असतं. त्याने साठवलेल्या नायट्रोजनवर सर्वांत आधी आणि सर्वांत अधाशीपणे तुटून पडतं ते गवतच.

इथे क्लेथोडिम हे गवत मारणारं औषध कामाला येतं. स्निग्धाम्लं तयार करणारं जे विकर गवतात असतं, ते या औषधाने ठप्प होतं. क्लोव्हरमधल्या विकराची घडण वेगळी, म्हणून तो सुटतो. फवारल्यावर आठवडाभर काही घडलेलं दिसत नाही. मग मधली कोवळी पात चिमटीत धरून ओढावी, तर ती अलगद निघून येते आणि तिचं बूड तपकिरी, कुजलेलं असतं. लव्हाळ्याला मात्र या औषधाने काहीच होत नाही. तो दिसतो गवतासारखा, पण गवताच्या कुळातला नाही.

रुंद पानांच्या तणांसाठीचा तोडगा याहून हुशारीचा. १९५०च्या दशकात इंग्लंडमधल्या वाय कॉलेजात आर. एल. वेन यांच्या चमूने दाखवलं की २,४-डीबी हे रसायन स्वतः फारसं विषारी नसतं. काही तणं आपल्या पेशींत त्याचं २,४-डी करून टाकतात आणि त्यानेच मरतात. क्लोव्हरला हे रूपांतर नीट जमत नाही, म्हणून तो वाचतो. अट एवढीच की तण दोन-तीन इंचांचं असतानाच फवारायला हवं. बहुतेकांना ते दिसतं गुडघ्याएवढं झाल्यावर.

मग यंत्राने कापणी करतात. उंच तणं बी धरण्याआधी कापली तर फायदा होतोच. पण मे-जूनमध्ये हरणाची पाडसं गवतात निपचित पडून असतात आणि यंत्र आलं तरी हलत नाहीत. ऐन उन्हाळ्याच्या कोरड्या दिवसांत कापलं तर क्लोव्हरच होरपळतो.

यातल्या कोणत्याही उपायाने जमिनीतलं बी संपत नाही. १८७९ साली मिशिगनमध्ये विल्यम बील यांनी तणांचं बी वाळूत मिसळून वीस बाटल्यांत पुरून ठेवलं. २०२१ साली त्यातली एक बाटली उकरली, तर व्हर्बॅस्कमचं बी उगवून आलं. तेव्हा तीन वर्षांच्या पट्ट्यातून तण कायमचं घालवण्याची भाषा करणाऱ्याने जरा दमानं घ्यावं.

आणि घालवायचं कशाला, हाही प्रश्न आहे. चारा-पट्ट्यात हमखास येणारं रॅगवीड हे आपल्या गाजरगवताच्या भावकीतलं. पण पांढऱ्या शेपटीचं हरीण त्याची कोवळी पानं मजेत खातं. चिकोरीचं तर बी क्लोव्हरबरोबर विकत घेऊन पेरतात. उत्तर भारतात बरसीमच्या शेतात तीच कासनी म्हणून उपटली जाते, आणि बरसीम हाही क्लोव्हरचाच भाऊ. एकसारखा हिरवा, बिनतणाचा पट्टा हवा असतो तो मालकाच्या डोळ्यांना. हिरवळीचा सोस रानात जाऊन पोचला आहे, इतकंच.

याचा अर्थ निंदणी नकोच असा नाही. आपल्याकडे मेळघाटच्या जंगलातून गावं उठल्यावर जुन्या शेतांची कुरणं होऊ लागली, तशी तिथे तरोटा आणि रानतुळस माजतात. चितळ-सांबर त्यांना तोंड लावत नाहीत आणि त्यांच्या दाटीत चांगलं गवत दबून जातं. ती बी धरण्याआधी मजूर लावून उपटावीच लागतात, आणि तीही अनेक पावसाळे. ज्या जनावरासाठी कुरण राखायचं ते काय खातं, हे आधी पाहावं आणि मग विळा किंवा पंप उचलावा.

अमेरिकन पट्ट्यातही काही वर्षांनी गवत वरचढ होतंच. तेव्हा दरवर्षी औषधाचा खर्च वाढवण्यापेक्षा क्लोव्हर मोडावा आणि शरदात तिथे ओट किंवा गहू टाकावा. जमिनीत साठलेला नायट्रोजन त्यांच्या कामी येतो आणि कोवळी पात हरणं आवडीने खातात. त्या हंगामात क्लेथोडिमचा डबा मात्र बंदच ठेवावा लागतो, कारण त्याच्या लेखी ओटही गवतच.