परदेश नरखेडपासून सुरू व्हायचा

परदेशात गेल्यावर फोनचं बिल कसं फुगलं याच्या कहाण्या पुण्या-मुंबईचे लोक रंगवून सांगतात, तेव्हा आम्हा पांढुर्णा-सावरगावच्या मंडळींना त्याचं फारसं नवल वाटत नाही. हा अनुभव घ्यायला आम्हाला पासपोर्ट लागला नव्हता. नागपूरकडे जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसायचं, पांढुर्णा स्टेशन मागं पडायचं आणि नरखेड येईस्तोवर खिशातला फोन थरथरायचा. कंपनी महाराष्ट्रात आपलं स्वागत करायची. स्वागताचा मतलब एवढाच, की आता तुम्हाला कोणी फोन केला तरी पैसे तुमचेच कटणार. डब्यातलं कोणी तरी हमखास ओरडायचं, ‘‘ठेव बाप्पा, रोमिंग लागून रायली!’’

ज्यांनी हा भाग पाहिला नाही त्यांच्यासाठी थोडा नकाशा. सौसर आणि पांढुर्णा हे मध्य प्रदेशाचे तालुके, पण घरात मराठी, सण मराठी, सोयरिकी महाराष्ट्रातल्या काटोल-नरखेड-वरुडच्या. 2023 मध्ये छिंदवाड्यातून हे दोन तालुके काढून पांढुर्णा हा वेगळा जिल्हा झाला. पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यामधून जाम नदी वाहते. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी याच नदीच्या दोन काठांवरून आम्ही एकमेकांवर दगड मारतो. गोटमार म्हणून जे वर्तमानपत्रांत येतं ते हेच. डोकी फुटतात, दर वर्षी प्रशासन हात जोडतं, आम्ही ऐकत नाही. पण एक कबूल केलं पाहिजे, जाम ओलांडून फोन केला म्हणून कोणी जादा पैसे घेतले नाहीत. पैसे लागायचे ते, जिथं आम्ही एकही दगड मारत नाही, त्या सीमेवर.

ही सीमा 1 नोव्हेंबर 1956 ची. त्याआधी मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती. राज्यांची फेरमांडणी झाली, विदर्भाचे आठ जिल्हे मुंबई राज्यात गेले आणि छिंदवाडा जिल्हा सौसर-पांढुर्ण्यासकट अलीकडे राहिला. चाळीसेक वर्षं या रेषेचा त्रास कचेरीपुरता होता. शाळेची भाषा, सात-बाराच्या जागी खसरा, बदलीवर आलेला साहेब मराठी न समजणारा, एवढंच. संत्र्याला रेषा ठाऊक नव्हती. मृग बहाराचा माल नागपूरच्या कळमना बाजारात जायचा, आंबियाचा सौदा वरुडच्या व्यापाऱ्याशी व्हायचा. मग मोबाइल आला आणि 1956 ची रेषा थेट कानाशी येऊन बसली.

कारण असं की सरकारनं मोबाइलचे परवाने देताना देशाचे सर्कल पाडले आणि ते बहुतेक राज्यांच्या हद्दींवर बेतले. महाराष्ट्र आणि गोवा एक सर्कल, ‘अ’ वर्गातलं. मध्य प्रदेश दुसरं, ‘ब’ वर्गातलं. 2000 साली छत्तीसगड वेगळं राज्य झालं, पण सर्कल काही फुटलं नाही. त्यातून एक गंमत झाली. सावरगावच्या माणसाला ग्वाल्हेर लोकल, रायपूर लोकल, रस्त्यानं पाचशे किलोमीटरच्या वर असलेलं बस्तरातलं जगदलपूरही लोकल. आणि तासाभराच्या वाटेवरचं वरुड, जिथं आत्या राहते, मावशी राहते आणि संत्र्याचे पैसे अडकलेले असतात, ते एसटीडी. तिथं स्वतः गेलात तर रोमिंग. जगदलपूरला आमचं कोण होतं? कोणीच नाही.

रोमिंगचं गणित समजून घेतलं तर राग जरा कमी होतो. निदान तो योग्य जागी जातो. तुमचा फोन परक्या टॉवरच्या हद्दीत शिरला की तो टॉवर तुमच्या मूळ कंपनीच्या यंत्रणेला कळवतो, हा गडी सध्या माझ्याकडे आहे. तुम्हाला कोणी फोन लावला, की तो आधी मूळ सर्कलमध्ये जातो, तिथून तुम्ही असाल तिथं पाठवला जातो. फोन करणाऱ्यानं मध्य प्रदेशाचा नंबर फिरवलेला असतो, त्यानं मध्य प्रदेशापर्यंतचे पैसे मोजले. पुढच्या तुकड्याचे कोणी द्यायचे? तुम्ही. आलेल्या फोनचा भुर्दंड असा जन्मला. पांढुर्ण्याचे दोघं वरुडच्या बाजारात हरवले आणि एकमेकांना फोन लावू लागले, की एकाची हाक मध्य प्रदेशात जाऊन परत वरुडात यायची आणि मीटर दोघांचंही पळायचं. हाक मारली असती तर फुकट ऐकू आली असती.

इथवर कारभार समजण्यासारखा होता. समजण्यासारखा नव्हता तो सीमेकडच्या शेतांतला प्रकार. रेडिओच्या लहरींना पटवारी सीमा दाखवत नाही. बांधावर उभं राहिलं की कधी अलीकडचा टॉवर जोरात, कधी पलीकडचा. माणूस स्वतःच्या बागेत मोटर चालू करायला गेलेला, आणि कंपनीच्या हिशेबात तो महाराष्ट्रात प्रवासाला निघालेला. बॅलन्स कटला का, असं विचारायला कस्टमर केअरला फोन केला तर पलीकडची मुलगी गोड हिंदीत विचारायची, आप अभी कहाँ ट्रैवल कर रहे हैं? आता तिला काय सांगायचं, कुदळ घेऊन झाडाला आळं करतो आहे म्हणून?

सगळ्यात वाईट गत व्हायची ती नागपूरच्या दवाखान्यात. आमच्याकडचा मोठा आजार आजही नागपूरलाच जातो. पेशंटजवळ बसलेल्या माणसाला गावाहून फोनांवर फोन, कसं आहे, जेवले का, डॉक्टर काय म्हणाले. उचलला की पैसे. प्रीपेडमधले पैसे संपले की नुसतं बोलणं थांबायचं नाही, रोमिंगमध्ये येणारा फोनही बंद व्हायचा. रिचार्ज मारावा म्हणून दवाखान्यासमोरच्या दुकानात जावं, तर तिथलं कूपन महाराष्ट्र सर्कलचं. मध्य प्रदेशाच्या नंबरला ते चालायचं नाही. मग पीसीओवरून पांढुर्ण्याला फोन लावायचा, तिथल्या दुकानदाराला सांगायचं, पन्नासचा टाकून दे, आल्यावर देतो. मोबाइल चालू ठेवायला पीसीओ लागायचा. दवाखान्याच्या फाटकाशी असे बूथ बरीच वर्षं टिकून राहिले, ते काही उगाच नाही.

माणसं तोडगा काढतातच. पोरगा नागपूरला शिकायला जाताना बापाला बजावून जायचा, ‘‘पोचलो की मिस कॉल मारतो, उचलू नोको.’’ एक रिंग म्हणजे पोचलो, दोन म्हणजे पैसे पाठव, अशी घराघरांत बोली ठरलेली. न उचललेल्या फोनला पैसे नव्हते, त्या फटीतून सगळा जिल्हा बोलत होता. ज्याला परवडेल तो काटोलच्या मामाच्या नावावर महाराष्ट्राचं सिम घ्यायचा. दोन सिमचे स्वस्त हँडसेट आले तेव्हा मोठ्या शहरात ती चैन होती, आमच्याकडे गरज. संत्र्याच्या व्यापाऱ्याच्या छापील कार्डावर दोन नंबर असत, एमपी आणि एमएच, गाड्यांच्या पाट्यांसारखे.

आता हे सुटलं कसं, ते थोडक्यात. 31 जुलै 1995 ला कोलकात्याहून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचारमंत्री सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल फोन केला, तेव्हा आलेल्या फोनलाही सगळीकडेच पैसे होते. मे 2003 पासून फोन करणाऱ्यानंच पैसे भरायचे असं ठरलं आणि आपल्या सर्कलमध्ये येणारा फोन फुकट झाला. रोमिंगमध्ये मात्र नाही. 2007 मध्ये ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, रोमिंगचं मासिक भाडं काढलं आणि आलेल्या कॉलला मिनिटाला 1 रुपया 75 पैसे अशी कमाल मर्यादा घातली. 2012 च्या दूरसंचार धोरणात रोमिंग फुकट करण्याचं वचन आलं. 2013 मध्ये मर्यादा 75 पैशांवर आली, 2015 मध्ये 45 पैशांवर. पूर्ण माफी का नाही, याला 2013 मध्ये ट्रायचं उत्तर असं होतं, की रोमिंग सरसकट फुकट केलं तर त्याचा बोजा न फिरणाऱ्या ग्राहकांवर पडेल. दिल्लीत बसून हा युक्तिवाद बरा वाटतो. सीमेवरच्या शेतकऱ्याला तो सांगून बघा. तो कुठं फिरला होता?

शेवटी नियमानं जे वीस वर्षांत जमलं नाही ते स्पर्धेनं दोनेक वर्षांत केलं. जून 2015 मध्ये बीएसएनएलनं रोमिंगमध्ये येणारे कॉल फुकट केले. सप्टेंबर 2016 मध्ये जिओ आली ती रोमिंगचा दर ठेवलाच नाही असं सांगत. 1 एप्रिल 2017 पासून एअरटेलनंही देशातलं रोमिंग काढलं, बाकीचे मागोमाग आले. नरखेडचं स्वागत थांबलं. योगायोग असा, की 15 जून 2017 ला युरोपीय संघानंही आपल्या देशांमधलं रोमिंग रद्द केलं. तिकडे जर्मनीचा माणूस फ्रान्समध्ये आणि इकडे पांढुर्ण्याचा माणूस वरुडात एकाच उन्हाळ्यात मोकळा झाला.

युरोपाच्या गोष्टीला पुढं शेपूट आहे आणि ते आम्हाला ओळखीचं वाटतं. ब्रिटन संघातून बाहेर पडलं आणि तिथल्या काही मोठ्या कंपन्यांनी युरोपातलं रोमिंग पुन्हा लावलं. उत्तर आयर्लंडमध्ये डेरी किंवा न्यूरीच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाचा फोन घरात बसल्या बसल्या पलीकडच्या आयर्लंडचा टॉवर पकडतो. तिकडे याला नावही आहे, नकळत झालेलं रोमिंग. त्यावर चर्चा झाल्या, कंपन्यांनी सवलती दिल्या. आमच्या नकळत झालेल्या रोमिंगवर कोणी चर्चा केल्याचं ऐकिवात नाही.

म्हणून मला वाटतं, रोमिंगचा दर हा अंतराचा दर कधीच नव्हता. तो कागदावरच्या रेषेचा दर होता. देशात ती रेषा पुसता आली, कारण रेषेच्या दोन्ही बाजूंवर एकच ट्राय होतं आणि ग्राहक ओढायला कंपन्या भांडत होत्या. परदेशात तसं नाही. दुबईतल्या कंपनीनं भारतीय कंपनीकडून घाऊक काय दर घ्यायचा यावर ट्रायचा हुकूम चालत नाही. तो दोन कंपन्यांचा करार. युरोपात सगळ्यांवर एक संघ होता, आखातातल्या सहा देशांनी मिळून 2016 मध्ये आपापसातले दर खाली आणले. आपल्या सरकारला अमिराती, नेपाळ, सिंगापूर अशा देशांशी बोलून हे करता येईल. लाखो भारतीय तिथं जातात-येतात. व्यापाराच्या करारांत चामडं आणि कापड असतं, तसा फोनही असावा.

तोवर ज्याची त्याला काळजी. पांढुर्णा-सौसरची पोरं पुणे-बंगलोरमार्गे आता बरीच लांब जाऊ लागली आहेत, आणि त्यांच्यामागून आईबापही महिना-दोन महिन्यांसाठी विमानात बसतात. त्यांना आमच्या जुन्या अनुभवातून एवढं सांगता येईल. बोलण्यापेक्षा घात डेटा करतो. पॅक न घेता फोनमधलं डेटा रोमिंग चालू राहिलं, की आपण झोपलेलो असताना फोटो वर चढत राहतात आणि हिशेब एमबीमागे होतो. ते सेटिंग विमानात बसण्याआधीच बंद करा. उचलला नाही तर दुसरीकडे वळणारा कॉल, म्हणजे कॉल फॉरवर्डिंग, तेही बंद करा. परदेशातून तो वळून परत भारतात येतो आणि दोन्ही तुकड्यांचे पैसे लागू शकतात. एका देशाचा पॅक जहाजावर किंवा विमानातल्या नेटवर्कवर सहसा चालत नाही. परदेशात पोचल्यावर स्थानिक सिम किंवा ई-सिम घ्या. भारतीय सिम मात्र काढून डबीत ठेवू नका, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो. त्यासाठी आंतरराष्ट्रीय रोमिंग नुसतं सुरू असलं तरी पुरतं आणि येणाऱ्या एसएमएसला बहुतेक कंपन्या पैसे घेत नाहीत. दुबईला निघाला असाल तर व्हॉट्सअ‍ॅपवर बोलण्याच्या भरवशावर राहू नका, तिथं त्याचा कॉल चालत नाही, मजकूर तेवढा जातो.

आणि पोरांनो, पॅकची चौकशी मुलाखतीच्या तयारीइतकीच मनावर घेऊन निघण्याआधी करा. आईला व्हिडिओ कॉल उचलायला शिकवून जा. पोचल्यावर मिस कॉल मारू नका, आता पूर्ण फोन करा. इकडे सावरगावात कोणी तरी तो उचलायला बसलेलं असतं.