गप्प इंजिनाचा घोर

मोटारसायकलचे इंजिन टकटकू लागले की आपला जीव खालीवर होतो. गप्प झाले की हायसे वाटते. पण घोर गप्प इंजिनाचाच अधिक! व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांत, तापून लांबणाऱ्या व्हॉल्व्हसाठी, सुमारे ०.१ मिलिमीटर फट मुद्दाम ठेवतात. रॉकर झिजला की फट वाढते, टकटक होते. उलट व्हॉल्व्हची बैठक झिजली की व्हॉल्व्ह वर सरकतो, फट बुजते, आवाज थांबतो. मग एक्झॉस्ट व्हॉल्व्ह बैठकीवर नीट टेकत नाही, उष्णता तिला देऊ शकत नाही आणि कडेने जळतो. म्हणून आवाज असो वा नसो, पुस्तिकेत सांगितलेल्या किलोमीटरला, थंड इंजिनावर, टॅपेट तपासून घ्या. घरातल्या कुरकुरणाऱ्या माणसापेक्षा अबोला धरणाऱ्याचीच काळजी अधिक, नाही का?